परक्या यादवीतली पलटण

स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ या काळात यादवी युद्ध झालं, त्यात इंग्रजी बोलणाऱ्या स्वयंसेवकांची एक पायदळ पलटण लढली. 'ब्रिटिश बटालियन' या नावाने ती ओळखली जाते. १९३७ च्या उत्तरार्धात या पलटणीत 'जॉन स्मिथ' असं नाव सांगून पस्तिशीतला एक माणूस दाखल झाला. त्याचं खरं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. नागपुरात त्यांना बाळाजी हुद्दार म्हणत. त्या वेळी नागपूर आणि आपला बुलढाणा जिल्हा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, म्हणजे हा आपल्या प्रांतातला माणूस. त्यांची पलटण कशी उभी राहिली, कशी लढली आणि कशी मोडली, हे मराठीत अभावानेच वाचायला मिळतं. ते इथे दोन भूमिका समोरासमोर बसवून मांडतो आहे. एक भूमिका माझी, दुसरी एका निवृत्त सुभेदाराची. चिखली, मेहकर, देऊळगावराजा, कुठेही जा, फौजेतून पेन्शनवर आलेली माणसं भेटतातच. त्यांना जे आक्षेप सुचतील ते या सुभेदारसाहेबांच्या तोंडी घातले आहेत. ते कुणी एक ठरावीक गृहस्थ नाहीत, पण त्यांचं म्हणणं मी मुद्दाम दुबळं केलेलं नाही.

सुभेदार : भाऊ, यादवी काय आपल्या मातीत झाली नाही? सिंदखेडराजा तालुक्यात आपलं साखरखेर्डा. तिथे १७२४ च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान एकमेकांवर तुटून पडले. दोघं एकाच बादशहाचे चाकर. मुबारिझखान तिथेच पडला आणि दख्खन निजामाच्या घरात गेली ती गेलीच. त्या लढाईत बाजीरावाची फौज निजामाच्या बाजूने होती. त्याच्या चार वर्षं आधी, १७२० साली, बाळापूरला मराठी फौज निजामाच्या विरुद्ध उभी होती. साखरखेर्ड्यानंतर चार वर्षांनी पालखेडला पुन्हा विरुद्ध. शिपाई तोच, भाला तोच, बाजू मात्र दर वेळी वरून ठरलेली. सरदार वळला की शिपाई वळतो. ऐकायला वाईट वाटेल, पण फौज अशीच चालते. जो शिपाई बाजू स्वतः ठरवतो, तो उद्या मोर्चा कधी सोडायचा हेही स्वतःच ठरवील. अशांच्या जमावाला मी पलटण कशी म्हणू?

लेखक : साहेब, तुम्ही सांगता त्या तिन्ही लढायांत मेलेल्या साध्या शिपायांपैकी एकाचं तरी नाव आज आपण घेतो का? सरदारांची नावं राहिली, कारण निवड सरदारांची होती. स्पेनला गेलेल्या माणसांचा इतिहास वेगळा लिहावा लागतो तो याच कारणाने. जुलै १९३६ मध्ये तिथल्या सेनापतींनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं. हिटलर आणि मुसोलिनीने बंडखोरांना विमानं, रणगाडे, माणसं पुरवली. ब्रिटन आणि फ्रान्सने 'हस्तक्षेप नको' असा करार पुढे केला आणि कायदेशीर सरकारलाच शस्त्रं मिळेनाशी झाली. तेव्हा पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५ हजार लोक आपणहून निघाले. ब्रिटनमधून आणि आयर्लंडमधून गेले ते अडीच हजारांच्या आसपास. खाणकामगार, गोदीतले मजूर, बेकार, काही विद्यार्थी, काही लेखक. जानेवारी १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने १८७० सालचा एक जुना कायदा काढून बजावलं की परक्या फौजेत भरती होणं हा गुन्हा ठरेल. तरी लोक आठवडाअखेरच्या सहलीचं तिकीट काढून पॅरिसला जात आणि पुढे रात्रीच्या रात्री पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये उतरत. कुणाचा सरदार वळला म्हणून यातला एकही माणूस गेला नाही.

आणि या पलटणीशी आपला धागा फक्त हुद्दारांपासून सुरू होत नाही. १९३६-३७ च्या हिवाळ्यात माद्रिगेरास नावाच्या खेड्यात ती उभी राहिली, तेव्हा तिला अधिकृत नाव दिलं गेलं सकलातवाला बटालियन. शापुरजी सकलातवाला हे मुंबईत जन्मलेले पारशी, जमशेटजी टाटांचे भाचे. तरुणपणी मुंबईच्या प्लेगात लसवाले डॉक्टर हाफकिन यांच्याबरोबर काम केलेले. पुढे इंग्लंडमध्ये कम्युनिस्ट झाले आणि लंडनच्या बॅटरसी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेले. जानेवारी १९३६ मध्ये ते वारले, स्पेनचं युद्ध त्यांनी पाहिलं नाही. ते नाव शिपायांच्या तोंडी काही बसलं नाही, 'ब्रिटिश बटालियन' हेच रूढ झालं. पण ज्या इंग्रज मजुरांनी आपल्या पलटणीला एका मुंबईकराचं नाव स्वीकारलं, त्यांना हिंदुस्थान म्हणजे काय हे ठाऊक होतं, एवढं त्यावरून दिसतं.

सुभेदार : नाव कुणाचंही द्या. मला सांगा, माणसं किती शिकवून पुढे पाठवली? रंगरूटाला आम्ही महिनोन्‌महिने घासतो. पहिल्यांदा रायफल खोलायची, पुसायची, जोडायची, मग फायरिंग रेंज. तुमच्या माद्रिदजवळच्या खारामाच्या लढाईचं मी वाचलंय. १२ फेब्रुवारी १९३७. सुमारे सहाशे माणसं टेकडीवर चढवली, आणि त्यातल्या कित्येकांनी त्याआधी धड गोळी झाडलेली नव्हती. मशीनगन कंपनी मोर्चा धरून बसली, तर पट्ट्यांत काडतुसं भलत्याच मापाची भरलेली! बरोबर काडतुसं आणणारा ट्रक वाटेत उलटला. तोवर रायफल कंपन्या समोरच्या उघड्या टेकडीवर बंडखोरांच्या मोरोक्कन शिपायांच्या गोळ्या खात होत्या. मदतीला मशीनगन नाही, तोफा नाहीत. पुढे त्या टेकडीचं नावच 'आत्महत्येची टेकडी' पडलं. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून कमी माणसं उभी राहिली. भाऊ, हे शौर्य नाही, हा गुन्हा आहे. माझ्या पलटणीत असं झालं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं.

लेखक : त्या दिवसाचं तुम्ही केलेलं वर्णन खोटं नाही. आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं, म्हणून या जागी जरा थांबू. स्वयंसेवकांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा दोनपैकी एक चूक करतात. काही जण त्यांच्या निष्ठेने इतके भारावतात की पट्ट्यांतली चुकीची काडतुसं त्यांना दिसत नाहीत. काही जण काडतुसांवरच बोट ठेवतात आणि निष्ठेला वेडेपणा ठरवून मोकळे होतात. मला वाटतं, या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात मांडल्या पाहिजेत. जो माणूस हुकमाने, पोटासाठी किंवा सक्तीने आला आहे त्याच्याबद्दल नेतृत्वाची जबाबदारी असतेच. पण जो आपणहून आला, ज्याला घरी राहायची पूर्ण मुभा होती, त्याच्याबद्दलची जबाबदारी त्याहून मोठी. त्याने आपला जीव विश्वासाने नेत्याच्या हातात ठेवलेला असतो. 'तो स्वतःहूनच आला होता' हे वाक्य नेत्याला मोकळं करत नाही, उलट त्याला जास्त बांधतं. खारामाच्या पहिल्या दिवशी या पलटणीच्या वरच्या अधिकाऱ्यांनी हे देणं चुकवलं. ब्रिटिश बटालियनचा सगळा इतिहास मी याच हिशेबाने वाचतो.

पण मग दुसरी बाजूही त्याच हिशेबात धरा. त्याच १२ तारखेला उन्हं उतरता उतरता बरोबर काडतुसं पोचली. त्या मशीनगनवाल्यांनी जागा सोडलेली नव्हती. टेकडीवरून खाली येणाऱ्या मोरोक्कन तुकड्या ऐन माऱ्यात आल्यावर त्यांनी गोळीबार सुरू केला आणि तो हल्ला मोडला. दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीतली तीसेक माणसं वेढली जाऊन पकडली गेली, पलटणीचा प्रमुख टॉम विंट्रिंगहॅम जखमी झाला. १४ तारखेला उरलेले लोक मागे पळाले. हो, पळाले, ते लपवण्याचं कारण नाही. रस्त्याच्या कडेला ते थकून पडलेले असताना जॉक कनिंगहॅम आणि आयरिश नेता फ्रँक रायन यांनी सुमारे १४० जणांना गोळा केलं, 'इंटरनॅशनल' हे कामगारांचं गाणं म्हणत रांग धरायला लावली आणि तीच माणसं सोडलेल्या जागी परत नेली. माद्रिद-व्हालेन्सिया रस्ता तोडायचा हा बंडखोरांचा सेनापती फ्रँको याच्या चढाईचा हेतू होता. तो रस्ता तुटला नाही. तुम्ही म्हणालात, स्वतः बाजू ठरवणारा शिपाई मोर्चा सोडायचंही स्वतःच ठरवील. इथे तो सोडून गेला होता, आणि परत यायचंही त्यानेच ठरवलं. बंदुकीच्या धाकाने त्याला तिथे परत नेईल असा कुणी त्या रस्त्यावर नव्हता.

सुभेदार : एका दिवसाचं मी मान्य करतो. पण जोश दोन-चार दिवस टिकतो. पुढचं काय झालं?

लेखक : पुढचं आणखी कठीण होतं. खारामाच्या चरांत ही पलटण जूनपर्यंत, म्हणजे चार महिने, अडकून पडली. जुलैत ब्रुनेतेच्या लढाईत ३३१ माणसं उतरली आणि शेवटी धडधाकट उरली ४२. त्यानंतर नेत्यांमध्ये इतकी भांडणं झाली की अनेकांना इंग्लंडला बोलावून घ्यावं लागलं. काही शिपाई पळाले, काही पकडले जाऊन शिक्षा भोगून आले. आपण किती मुदतीसाठी आलो, घरी कधी जायचं, यावरून कुरबुरी वाढत गेल्या, कारण भरती होताना हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. हे सगळं तुमच्या पारड्यात टाका. पण युद्धाच्या शेवटी, १९३८ च्या उन्हाळ्यात, एब्रो नदी ओलांडून हीच पलटण पुन्हा गांदेसापर्यंत गेली. गेलेल्या अडीच हजारांपैकी पाचशेहून अधिक माणसं तिथल्या मातीत राहिली, म्हणजे दर पाचांत एक. नुसत्या जोशावर माणसं वीस-बावीस महिने टिकत नाहीत.

सुभेदार : बरं, शिपाई म्हणून राहू द्या. पण भांडण कुणाचं? स्पॅनिश माणसाचं स्पॅनिश माणसाशी. घरातल्या भावाभावांच्या भांडणात शेजाऱ्याने काठी घेऊन शिरावं काय? आणि मी ऐकलंय की या सगळ्यामागे रशिया होता. स्टालिनच्या हातातलं बाहुलं.

लेखक : शेजारी शिरला होता, पण तो आधीच शिरला होता. जर्मन विमानांनी एप्रिल १९३७ मध्ये गेर्निका जाळलं. इटलीच्या अख्ख्या डिव्हिजन स्पेनमध्ये होत्या. ज्या घरात दोन पैलवान एका भावाच्या बाजूने घुसले आहेत, तिथे दुसऱ्याच्या मदतीला जाणाऱ्याला हस्तक्षेप करणारा म्हणणं मला पटत नाही. रशियाचा मुद्दा मात्र तुमचा खराच आहे, मी तो झटकणार नाही. या सगळ्या स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेड उभ्या केल्या मॉस्कोहून चालणाऱ्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलने. पलटणीत राजकीय अधिकारी असत. अल्बासेते इथल्या मुख्य तळावर आंद्रे मार्ती या फ्रेंच नेत्याच्या कठोरपणाची सगळ्यांना धास्ती होती. सरकारच्या बाजूच्याच दुसऱ्या डाव्या पक्षाचा नेता आंद्रेउ निन याला जून १९३७ मध्ये पकडून ठार मारलं गेलं. जॉर्ज ऑर्वेल त्याच पक्षाच्या तुकडीत लढला होता, आणि बार्सिलोनातल्या मे महिन्याच्या आपसातल्या चकमकी पाहून तो किती हादरला ते त्याच्या पुस्तकात आहे. म्हणजे यादवीच्या पोटात आणखी एक यादवी चालली होती. इथेही माझा हिशेब तोच. माणसं ज्या कारणासाठी आली ते कारण खरं होतं, आणि ज्यांनी त्यांना हाताशी धरलं त्यांतल्या काहींनी त्या कारणाचा घात केला. घात करणाऱ्याचं पाप विश्वास ठेवणाऱ्याच्या खात्यावर चढवता येत नाही.

सुभेदार : तरी माझा मुख्य प्रश्न राहतोच. आपला देश गुलामीत. बेड्या आपल्या पायात. आणि नागपूरचा एक शिकलेला माणूस स्पेनच्या सरकारसाठी बंदूक उचलायला जातो? आधी घर, मग गाव.

लेखक : हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. मलकापूरहून भुसावळकडे गाडीने निघालात तर पुढे फैजपूर दूर नाही. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खानदेशातल्या शेतकऱ्यांसमोर केलेल्या त्या अध्यक्षीय भाषणात नेहरूंनी स्पेनची गोष्ट काढली, आणि तिकडे चाललेली लढाई आपल्या लढाईपासून वेगळी नाही हे सांगितलं. दीड वर्षाने, जून १९३८ मध्ये, ते स्वतः कृष्ण मेनन यांच्याबरोबर बार्सिलोनाला गेले. बॉम्बहल्ले चालू असताना त्यांनी तिथल्या सेनापतींची भेट घेतली. हिंदुस्थानातून आणि लंडनच्या हिंदी लोकांकडून स्पेनसाठी औषधं आणि धान्याचा निधी जमला. स्पेनच्या दवाखान्यांत काम केलेले डॉक्टर अटल १९३८ मध्ये हिंदी वैद्यकीय पथकाचे प्रमुख म्हणून चीनला गेले. त्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉक्टर चोळकरही. तेव्हा 'आधी घर' म्हणणारी माणसंच बाहेर पाहत होती. साम्राज्य एका देशापुरतं नसतं. ज्या लंडनने हिंदुस्थानला गुलाम ठेवलं, त्याच लंडनने स्पेनच्या सरकारची शस्त्रं अडवली होती.

आणि हुद्दार काही हौस म्हणून जग पाहायला निघालेले नव्हते. १९२५ मध्ये हेडगेवारांनी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला आणि १९२९ मध्ये जबाबदाऱ्या वाटल्या, तेव्हा पहिले सरकार्यवाह म्हणून नेमले गेले ते बाळाजी हुद्दार. १९३१ च्या बालाघाट दरोडा प्रकरणात, जो राजकीय कामासाठी पैसा उभारण्याचा प्रयत्न होता, त्यांना काही वर्षं तुरुंगात काढावी लागली. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला ते लंडनला गेले. घरासाठी जे करायचं ते करून, त्याची शिक्षा भोगून मग ते बाहेर पडले. लंडनमध्ये त्यांना दिसलं की ज्याच्याशी आपण नागपुरात झगडत होतो त्याचंच दुसरं तोंड माद्रिदसमोर उभं आहे.

आता तुमच्या साखरखेर्ड्याकडे येतो. खारामाच्या टेकडीवर ब्रिटिश पलटणीच्या समोर कोण होतं, हे तुम्हीच मघाशी सांगितलंत. मोरोक्कन शिपाई. मोरोक्कोचा उत्तर भाग तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. तिथले साठ हजारांहून अधिक गरीब मुसलमान शेतकरी फ्रँकोच्या फौजेत लढले. पगार, कुटुंबाला धान्य, हुकूम. ज्यांनी त्यांना गुलाम केलं त्यांच्याच सेनापतीसाठी ते स्पेनच्या लोकांवर गोळ्या झाडत होते. मी त्यांना दोष देत नाही. १९१४ च्या युद्धात आपल्या पोरांनी फ्रान्स आणि मेसोपोटेमियात जे केलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं, पोटासाठी आणि हुकमाने. पण वसाहतीत जन्मलेला माणूस दोन रीतींनी परक्या युद्धात जाऊ शकतो, हे मला त्या आघाडीवर दिसतं. मोरोक्कन शेतकरी पहिल्या रीतीने गेला, हुद्दार दुसऱ्या. दोघांनाही शिपाईच म्हणा, पण दोघांचा इतिहास एका ओळीत बसवू नका.

सुभेदार : पण केलं काय त्यांनी? मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दाखल झाले १९३७ च्या उत्तरार्धात आणि १९३८ च्या एप्रिलला शत्रूच्या हाती लागले. सहा-आठ महिने. हातून शत्रू किती पडले, कुठली टेकडी घेतली, काहीच नोंद नाही. कैद झालेल्या शिपायाचा एवढा गाजावाजा कशाला?

लेखक : राग कशाला मानू? मार्च १९३८ मध्ये आरागॉनची आघाडी कोसळली. ३१ मार्चच्या पहाटे कालासेइते गावाजवळ ही पलटण रस्त्याने चालत असताना समोरून येणारे रणगाडे आपलेच समजली, आणि ते इटालियन निघाले. काही मिनिटांत शेकडो माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. फ्रँक रायन तिथेच सापडला. त्यानंतरच्या दिवसांत, एप्रिलच्या सुरुवातीला, गांदेसाच्या परिसरात हुद्दार पकडले गेले. सगळ्यांना नेलं बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात. स्पेनचा मध्ययुगातला वीर एल सिद याला आधी तिथेच पुरलं होतं, आणि त्याच भिंतींत आता फ्रँकोने परदेशी कैदी कोंडले होते.

तुम्ही विचारता, केलं काय? त्या मठात काय झालं ते पाहा. कैदी शेकड्यांनी होते. उंदीर, उवा, मोडके पाण्याचे नळ, सोट्याचा मार. सकाळ-संध्याकाळ फॅसिस्ट सलाम ठोकून घोषणा द्यायची सक्ती होती, आणि कैदी ती घोषणा मुद्दाम बिघडवून देत. या स्थितीत त्यांनी वर्ग सुरू केले, भाषांचे, गणिताचे, इतिहासाचे, आणि हसत त्याला 'उच्च शिक्षणाची संस्था' नाव दिलं. हाताने लिहिलेलं एक वृत्तपत्र काढलं, त्याचं नाव 'जेली न्यूज', म्हणजे जेलची बातमी. बुद्धिबळाचे मोहरे घडवले. मग मानसोपचारतज्ज्ञ अंतोनियो वाय्येखो-नाखेरा यांची माणसं आली. या कैद्यांच्या डोक्यांची आणि अंगांची मापं घ्यायची, प्रश्न विचारायचे, आणि मार्क्सवाद हा रक्तातला, बुद्धीतला दोष असतो हे सिद्ध करायचं, असा तो प्रकल्प. फ्रँकोची त्याला परवानगी होती. गेस्टापोचे, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांचे, लोकही कैद्यांना तपासून गेले. साहेब, ती मापपट्टी फिरली त्या मठात नागपूरचा एक माणूस कैदेत होता. तिथे त्याच्या हातात बंदूक नव्हती, सेनापती नव्हता, रसद नव्हती. माणसं वंशावरून कमी-जास्त ठरतात असं मानणाऱ्या एका नव्या राजवटीने त्याला दगडी मठात कोंडलं होतं. स्पेनमध्ये ते कशाविरुद्ध गेले होते हे कळायला यापेक्षा स्वच्छ पुरावा मी कुठून आणू? टेकडी घेतली नाही, हे खरं. पण पलटणीचा इतिहास घेतलेल्या टेकड्यांनीच मोजायचा तर स्पेनच्या सरकारची एकही पलटण इतिहासात उरणार नाही, कारण ते युद्ध सगळेच हरले.

सुभेदार : हं. कैदेत माणूस कसा वागतो त्यावरून आम्हीही त्याला ओळखतो. ते मी सोडून देतो. परत आल्यावर?

लेखक : सप्टेंबर १९३८ मध्ये स्पेनच्या पंतप्रधानांनी राष्ट्रसंघात जाहीर केलं की सगळे परदेशी स्वयंसेवक परत पाठवत आहोत. २८ ऑक्टोबरला बार्सिलोनात निरोपाची मिरवणूक निघाली. पलटणीचे उरलेले लोक ७ डिसेंबरला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरले, तेव्हा स्वागताला मजूर पक्षाचे अॅटली होते. पलटणीतल्या एका कंपनीने आदल्या वर्षी त्यांचंच नाव घेतलं होतं. नऊ वर्षांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान तेच होते. हुद्दारही १९३८ च्या अखेरीला सुटले आणि मायदेशी आले. १९७९ मध्ये त्यांनी एका इंग्रजी साप्ताहिकात लिहिलं की १९३९ साली सुभाषबाबूंच्या वतीने ते हेडगेवारांना भेटायला देवळालीला गेले होते, पण प्रकृतीचं कारण सांगून हेडगेवारांनी बोसांची भेट टाळली. १९४० मध्ये हुद्दार कम्युनिस्ट पक्षात गेले. १९८१ मध्ये वारले.

त्यांची आठवण का पुसट झाली याचं कारण मला इथे दिसतं. संघाच्या इतिहासात त्यांचं स्पेन अडचणीचं आणि कम्युनिस्टांच्या इतिहासात त्यांचा संघ अडचणीचा. दोन्हीकडचे लोक त्यांचं अर्धं आयुष्य घेऊन उरलेलं अर्धं बाहेर ठेवतात. मला वाटतं, त्यांना त्यांच्या पलटणीच्या हजेरीपटावरून वाचावं. तिथे बेकार खाणकामगार आहे, केंब्रिजचा विद्यार्थी आहे, आयरिश बंडखोर आहे आणि जॉन स्मिथ आहे. कोण कुठल्या पक्षातून आला हे त्या यादीत विचारता येतं, पण मोर्च्यावर प्रत्येकाने तेवढाच धोका पत्करला.

सुभेदार : म्हणजे तुम्ही म्हणता, ते शूर होते म्हणून लक्षात ठेवा?

लेखक : नाही. शूर तर समोरचे मोरोक्कनही होते. मी म्हणतो, त्यांनी निवड केली आणि निवडीची किंमत स्वतः भरली, आणि ज्यांच्या हाती त्यांनी स्वतःला सोपवलं त्यांनी आपल्या वाट्याची किंमत नेहमी भरली नाही. हे दोन्ही एका पानावर यावं. स्पेनने १९९६ मध्ये हयात स्वयंसेवकांना नागरिकत्व देऊ केलं. हुद्दारांपर्यंत ते पोचलं नाही, पंधरा वर्षं उशीर झाला होता. पण एखाद्या शाळेतल्या मुलाला नागपूरच्या या माणसाबद्दल चार ओळी वाचायला मिळायला तेवढा उशीर होण्याचं काही कारण नाही.

सुभेदार : लिहा. पण त्या चार ओळींत तो उलटलेला ट्रक घाला. उद्या कुणी आपल्या पोरांना कुठल्याही चांगल्या कामासाठी बोलवायला आलं, तर पोरांनी त्याला आधी विचारावं की पट्ट्यांत काडतुसं कोणती भरली आहेत.

लेखक : तो ट्रक पहिल्याच ओळीत घालतो, साहेब. आणि दुसऱ्या ओळीत संध्याकाळी मोर्च्यावर थांबलेले मशीनगनवाले.

सुभेदार : आणि १४ तारखेला पळालेले?

लेखक : तेही. परत आलेले १४० आणि परत न आलेले, दोन्ही.